साळव्यांचा करकोचा

थंडीच्या दिवसांत रविवारी उजाडायच्या आधी आमच्या दाराची बेल वाजली, की मी पांघरूण बाजूला करता करताच तिथी सांगायला लागायचो. कित्येक वर्षांचा शिरस्ता होता तो. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारीही बेल वाजली आणि मी "द्वादशी हो, द्वादशी!" असं ओरडतच कडी काढली. दारात समोरच्या घरातले अशोक साळवे नव्हते, त्यांच्या पत्नी कुसुमताई होत्या. अगदी शांतपणे म्हणाल्या, "सावंतभाऊ, जरा येता का? हे उठत नाहीयेत." मी तसाच गेलो. साळवे कुशीवर झोपले होते, एक हात गालाखाली. खुर्चीत कॅमेऱ्याची बॅग भरून ठेवलेली आणि तिच्यावर ती त्यांची तपकिरी माकडटोपी. या मोसमातली आमची पहिलीच फेरी होती… डॉक्टर आले, त्यांनी मनगट धरलं, आणि झोपेतच गेले, त्रास झाला नसेल, असं सांगितलं. असं वाक्य लोक उरलेल्यांच्या समाधानासाठी म्हणतात हे मला ठाऊक आहे. पण साळव्यांचा चेहरा पाहून मला ते पटलं. दुसऱ्या दिवशी खाडीवर जायचं म्हणून खुशीत झोपलेला माणूस होता तो.

डोंबिवलीत आमची दारं समोरासमोर. साळवे औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगांच्या कारखान्यात होते. कापडाला लागणारे रंग मागच्या मालाशी जुळतात की नाही, हे बघायचं त्यांचं काम. उभा जन्म त्यात गेल्याने त्यांना नुसता 'निळा' किंवा 'हिरवा' असं काही दिसतच नसे. आमच्या बिल्डिंगला रंग काढला तेव्हा कंत्राटदाराने जिन्याच्या दोन मजल्यांना दोन वेगळ्या डब्यांतला पिवळा लावला, तो फरक आम्हा कुणालाच दिसला नाही. साळव्यांना मात्र त्या जिन्यावरून जाताना दात दुखल्यासारखं व्हायचं. असा माणूस रिटायर झाला आणि खिडकीपाशी खुर्ची टाकून बसला तो बसलाच. मुलगा नोकरीसाठी बंगळूरला. कुणाशी बोलणं नाही, पेपर उघडला तर त्याच पानावर तास जायचा. मी एकदोनदा फिरायला चला म्हणून गेलो, तर "जाऊ ना, उद्या जाऊ," म्हणाले. तो उद्या काही उजाडेना. कुसुमताई एकदा जिन्यात मला म्हणाल्या, "भाऊ, माणूस आहे घरात, पण घरात कोण नाय असं वाटतं."

मग कुसुमताईंनीच त्यांना उठवलं. कुसुमताईंचं माहेर ठाण्याचं, कोलशेतच्या पुढे खाडीकाठच्या एका लहानशा गावातलं. वडील मिठागरात कामाला. एक दिवस दुपारच्या चहाला त्यांनी नवऱ्याला लहानपणीची एक गोष्ट सांगितली. त्या सहासात वर्षांच्या असताना थंडीत, धुक्यात, मिठागराच्या बांधावर दोन पक्षी यायचे. उंचीला त्यांच्याएवढेच. राखाडी. आणि ते नाचायचे! पंख अर्धवट उघडून एकमेकांभोवती उड्या मारायचे. वडील त्यांना नुसतं 'पाहुणे' म्हणत. सलग दोन थंड्या आले, मग पुन्हा कधी नाही. साळव्यांनी त्या वेळी फक्त हुं म्हटलं. पण दोन दिवसांनी ते पुस्तकांच्या दुकानातून पक्ष्यांचं जाडजूड पुस्तक घेऊन आले, आणि महिन्याभरात मुलाने पाठवलेला कॅमेराही आला. नाचणारा उंच राखाडी पक्षी म्हणजे करकोचा असणार, असं पुस्तकावरून वाटत होतं. पण पक्षी बघणाऱ्या मंडळींपैकी ज्यांना ज्यांना विचारलं ते सगळे हसून म्हणाले, करकोचा खाडीवर कशाला येईल? बगळा असेल, बलाक असेल, लहान मुलांना सगळंच मोठं दिसतं. मलाही तसंच वाटत होतं. साळव्यांनी एकच उत्तर दिलं, "कुसुम म्हणते ना, मग आलेला." आणि ठाणे जिल्ह्यात, आपल्या डोळ्यांनी, आपल्या कॅमेऱ्यात तो पक्षी पकडून बायकोला दाखवायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं.

पुस्तकातलं चित्र दाखवून विचारलं असतं तर काम एका मिनिटाचं होतं. पण ते साळव्यांना मंजूर नव्हतं. कारखान्यात कधी कागदावरच्या नावावरून रंग पास केलेला नाही, समोर कापड ठेवायचं आणि बघायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे पुस्तक कुसुमताईंच्या हाताला लागणार नाही अशा जागी, माळ्यावर! रविवारी काढलेले फोटो मात्र संध्याकाळी त्यांच्यासमोर यायचे. कुसुमताई चष्मा लावून, मेथी नाहीतर मटार बाजूला सारून, नीट बघायच्या. "नाय, ह्यो नाय." लगेच साळव्यांचा पुढचा प्रश्न, "मग कसा होता?" आणि मग तपासणी सुरू. मान अशी वाकडी होती का? नाय, सरळ. चोच? एवढी लांब नाय. शेपटी? शेपटीकडं पिसं खाली लोंबत होती, लुगड्याच्या घोळासारखी. रंगाचं तर विचारूच नका. साळव्यांनी कारखान्यातलं जुनं शेडकार्ड काढलं आणि राखाडीच्या सगळ्या पट्ट्या बायकोसमोर पसरल्या. "कुठला राखाडी?" कुसुमताईंनी बोट ठेवलं ती पट्टी निळसर झाक असलेली होती. साळवे आनंदाने म्हणाले, "बघा शेजारी, राखी बगळा बाद!" मला ते कायम शेजारीच म्हणायचे. शेवटपर्यंत त्यांनी माझं नाव घेतलं नाही, आणि मलाही ते कधी वावगं वाटलं नाही.

तिथीचं प्रकरण तेव्हाच सुरू झालं. खाडीचे पक्षी बघायचे तर भरतीओहोटी कळली पाहिजे, आणि ती काढायची कुसुमताईंच्या माहेरची रीत म्हणजे तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. आत खाडीत पाणी जरा उशिरा पोचतं, ते अंदाजाने धरायचं. मोबाइलवर हे सगळं आयतं मिळतं असं मी सांगून पाहिलं, पण सासुरवाडीच्या हिशेबापुढे मोबाइलचं काही चालेना. आता साळव्यांच्या घरी बुद्धवंदना. पौर्णिमा तेवढी पाळायची, बाकीच्या तिथ्यांशी त्यांचा संबंध नव्हता. म्हणून ते आमच्याकडे विचारायला यायचे. आमच्या आईची समजूत अशी झाली, की रिटायर झाल्यावर समोरचे साळवे उपासतापास करू लागले. एका चतुर्थीला तिने वाटीभर साबुदाण्याची खिचडी त्यांच्या हातात ठेवली. साळव्यांनी ती दारातच उभं राहून चाटूनपुसून खाल्ली आणि म्हणाले, "आई, एकादशीला पण येऊ ना?" खरं कारण कळल्यावर आई इतकी हसली की तिला ठसका लागला. तेव्हापासून तिथी सांगणं हे तिने आपलं काम मानलं, आणि तिच्यामुळेच आमची एकदा जी फजिती झाली ती आठवली की मला अजून हसू येतं.

जानेवारीचे दिवस होते. आईला तिळाच्या वड्या करायच्या होत्या आणि त्यांची कृती गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या जानेवारीच्या पानामागे छापलेली. तिने जुनं कॅलेंडर काढून खिळ्याला अडकवलं, कृती वाचली, पान पुन्हा सुलटं केलं आणि ते तिथेच राहिलं. रविवारी साळव्यांना तिने त्याच्यावरची तिथी सांगितली, चतुर्थी. म्हणजे नऊच्या आसपास ओहोटी, चिखल उघडा, पक्षी चरायला पसरलेले. आम्ही खुशाल कोलशेतपलीकडच्या बंद पडलेल्या मिठागरात शिरलो, बांधावरून चालत पार खाडीच्या तोंडाशी गेलो. समोर ताटाएवढा गोल चंद्र मावळत होता. साळवे त्याचा फोटो काढत होते, मी "वा, काय चंद्र आहे" म्हणत होतो, आणि चतुर्थीला असा चंद्र कुठून आला हा प्रश्न आम्हा दोघा शहाण्यांपैकी एकालाही पडला नाही. तिकडे घरी कुसुमताई पांढरी साडी नेसून पौर्णिमेच्या वंदनेला विहारात गेल्या होत्या! पाणी उतरायच्या ऐवजी चढायला लागलं तेव्हा आमचे डोळे उघडले. मागे वळलो तर बांधाचा सखल भाग पाण्याखाली, दोन्ही बाजूंना खाडी आणि मध्ये खाटेएवढ्या जागेवर आम्ही. मी घाबरलो, उगाच कशाला खोटं सांगू. साळव्यांनी पाण्याकडे पाहिलं, बांधाच्या दगडांवर जुन्या पाण्याची खूण होती तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "इथवर येत नाही. बसा."

बसलो. आणि मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. सगळा चिखल बुडाल्यामुळे पक्ष्यांनाही उभं राहायला तो बांधच उरला होता. आधी छोटे चिखले आले, मग तुतवार, मग लांब पायांचे शेकाटे. आमच्यापासून हाताच्या अंतरावर, एका पायावर उभे राहून, चोच पाठीत खुपसून ते चक्क झोपले! डोक्यावरून रोहितांची, म्हणजे फ्लेमिंगोंची, रांग गेली तेव्हा त्यांच्या पंखांचा आवाज ऐकू आला. साळव्यांनी थोडे फोटो काढले आणि कॅमेरा मांडीवर ठेवून दिला. मी कुजबुजलो, "काढा ना आणखी." ते तसेच कुजबुजले, "शटरचा आवाज होतो हो. झोपलेत ते." दुपारी पाणी ओसरलं, पक्षी चरायला उतरले, तेव्हा आम्ही उठलो. माझ्या पायांना मुंग्या, पोटात कावळे. घरी आल्यावर साळव्यांनी आईला वाकून नमस्कार केला. तिला वाटलं संक्रांतीचा. पुढे आम्ही मुद्दाम भरतीला जायला लागलो, आणि तिथी सांगायचं काम माझ्याकडे आलं.

असे हिवाळे जात राहिले. कुसुमताईंनी बगळे नाकारले, चित्रबलाक नाकारले, उघड्या चोचीचे नाकारले, कुदळे नाकारले. दर नकारासरशी साळव्यांच्या मनातला तो पक्षी जास्त जास्त पुरा होत चालला. आणि एका डिसेंबरात आंबिवलीहून फोन आला. कारखान्यातले त्यांचे जुने सोबती पाटील, त्यांचं काळू नदीच्या अंगाला शेत आहे. "साळवे, माझ्या वालात दोन मोठी पाखरं उतरलीत. कालपासून हायेत. बगळे नाय ते, बगळे मला कळतात." आम्ही दुसऱ्या दिवशी उजाडताना तिथे होतो. नदीवरून धुकं वर सरकत होतं, भाताचे खुंट दवाने भिजलेले, पलीकडे वालाचे हिरवे पट्टे. आणि त्यांच्या कडेला ते दोघे उभे होते… निळसर राखाडी, सरळ मान, मागे लोंबणारी पिसं. मला पुस्तक बघायची गरज नव्हती. कांड्या करकोचे! वाट चुकले असतील, थकून उतरले असतील, कोण जाणे. आम्ही बांधाआड पालथे पडलो. थोड्या वेळाने त्यांतल्या एकाने पंख अर्धवट उघडले आणि उडी मारली, मग दुसऱ्याने. खरोखर नाचले हो ते! मी साळव्यांकडे पाहिलं, तर त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावलेला पण बोट हलत नव्हतं. "साळवे, काढा!" "काढतो हो, दिसू तर द्या," ते म्हणाले. डोळे भरून आले होते त्यांचे. माकडटोपीच्या काठाने डोळे पुसले आणि मग काढले. त्याच वेळी मी माझ्या मोबाइलवर त्यांचा एक फोटो काढला.

परतताना रिक्षात त्यांनी बॅग मांडीवर घट्ट धरली होती. एवढ्या वर्षांची मेहनत, बायकोच्या शब्दाची शाबिती, सगळं त्या मांडीवरच्या बॅगेत होतं. मीही त्यांच्या घरातच शिरलो, तो क्षण मला चुकवायचा नव्हता. कुसुमताईंनी हात पुसले, चष्मा लावला. साळव्यांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करून धरला. त्या बघत राहिल्या. नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, "लई छान आलाय. पण नाय, ह्यो नाय." माझा तर तोल सुटला. "अहो ताई, नीट बघा! नाचला तो आमच्यासमोर!" त्या म्हणाल्या, "नाचला असंल भाऊ. पण तो ह्यो नाय." साळव्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं मला धाडस झालं नाही. चहा ठेवते म्हणत होत्या, तो न घेताच मी घरी आलो आणि बायकोपुढे चडफडत बसलो. या बाईने केलं काय! आता हा माणूस पुन्हा खुर्चीत बसणार, असं मला वाटलं. पण पुढच्या रविवारी बेल वाजली. दारात साळवे, टोपी घालून तयार. "काय शेजारी, तिथी कोणती?" मी म्हटलं, "अजून?" तर म्हणाले, "ती नाही म्हणाली ना. चला, उशीर होतोय."

आज मागे वळून पाहतो तर साळव्यांचे खरे चांगले फोटो हे सगळे त्यानंतरचे आहेत. खारफुटीतून बाहेर येऊन बांधावर ऊन खात बसलेला कोल्हा, त्याच्या मिशांवरचं दव सुद्धा दिसतं. खाडीवरच्या पहिल्या उन्हात खाली मान घालून चाललेले रोहित, त्यात साळव्यांनी गुलाबीच्या इतक्या छटा पकडल्यात की एखाद्या रंगवाल्यालाच त्या जमाव्यात. पाणमांजराचं निसटतं डोकं. डोंबिवलीतल्या एका वाचनालयाच्या सभागृहात त्यांचं प्रदर्शन भरलं तेव्हा शाळांच्या शाळा येऊन गेल्या, आणि एरवी चार वाक्यं न बोलणारे साळवे मुलांना पक्ष्यांच्या नकला करून दाखवत होते. हे सगळं मी समोर होतो म्हणून सांगतो, नाहीतर ज्याने त्यांना खिडकीपाशी बसलेलं पाहिलं होतं त्याला खोटं वाटेल. एवढ्या वर्षांत फक्त एक गोष्ट राहिली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला लावायला साळव्यांचा फोटो शोधायला गेलो, तर हजारो फोटोंत साळवेच नाहीत! एका ठिकाणी चिखलावर त्यांची सावली सापडली, बस. शेवटी माझ्या मोबाइलमधला आंबिवलीचा तो फोटो मोठा केला. माकडटोपीतला, ओल्या डोळ्यांचा, हसणारा. बुद्धवंदना चालू असताना माझी नजर त्याच्यावर गेली आणि इतक्या लोकांत मला हसू आवरेना. शेजारी त्यांचा मुलगा बसला होता, तोही हसत होता.

गेल्या आठवड्यात कुसुमताईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, त्या वालाच्या शेतातल्या पाखराचा फोटो मोठा करून, काच लावून आणून द्याल का? मी आणून दिला. बाहेरच्या खोलीत त्यांनी तो भिंतीला टेकवून ठेवला आणि समोर बसल्या. मी म्हटलं, "ताई, हा कशाला? हा तर तो नव्हे ना." त्यांनी चष्मा लावला. मग उठून जवळ गेल्या आणि करकोच्याच्या डोळ्यामागून मागे गेलेल्या पांढऱ्या पिसांच्या झुपक्यावर बोट ठेवलं. "भाऊ, ह्याच्या कानामागं बघा, पांढरी वेणी माळलीय. मी लहानपणी शाळेत सांगितलेलं, पाखराने केसात फुलं घातलीत म्हणून. सगळे एवढे हसले… मग मी ते परत कोणाला नाय सांगितलं. ह्यांना पण नाय. मला वाटायचं, आपल्याच मनाचा खेळ असंल. आणि त्या दिवशी ह्यांनी फोटो धरला समोर, तर वेणी!"

मी म्हटलं, "म्हणजे तोच होता?"

"तोच. मी हो म्हटलं असतं तर काम झालं असतं ना ह्यांचं. कॅमेरा कपाटात गेला असता आणि हे खिडकीपाशी. गोष्ट खरी होती, पण सांगितली मी ह्यांना उठवायला. मग पुरी कशी करू?" त्यांनी पदराने डोळे टिपले, पण चेहरा हसरा होता. मी विचारलं, "साळव्यांना कधी कळलं नाही?"

"मी नाय म्हटलं की ह्यांचा प्रश्न ठरलेला, मग कसा होता? मान कशी, चोच कशी, डोकं खायचे माझं. त्या दिवशी तुम्ही तणतणत गेलात, आणि मी वाट बघत बसले, आता विचारतील, मग विचारतील. काय सांगायचं ते जुळवत होते मनात. पण त्यांनी विचारलंच नाय, भाऊ. नुसते हसले माझ्याकडं बघून. कॅमेरा बंद केला आणि म्हणाले, 'बरं कुसुम, बघतो मग पुढच्या रविवारी.'" त्यांनी फोटो हातात घेतला. "आणि गेले ना हो," असं म्हणून ती कोरी काच पदराने पुसू लागल्या.